नव्या ग्राफिक्स कार्डावरचा गदारोळ ऐकताना

लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात ६ जानेवारी २०२५ रोजी एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स ५० मालिका जाहीर केली. ५०९० ची किंमत १,९९९ डॉलर, ५०८० ची ९९९, ५०७० टीआयची ७४९ आणि ५०७० ची ५४९. त्याच मंचावरून त्यांनी सांगितलं की ४०९० ची कामगिरी आता ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये मिळेल. गेमर्समध्ये लगेच दोन तट पडले. आपलं महागडं ४०९० मातीमोल झालं म्हणून काही जण हळहळत होते, तर हा दावाच खोटा आहे म्हणून बाकीचे खवळले होते. पुढच्या दोन महिन्यांत या रागाला आणखी फाटे फुटले. दुकानात माल नाही, भाव लुबाडणारे आहेत, कनेक्टर वितळतोय, स्क्रीन काळी पडतेय, जुने गेम अडखळतायत.

भारतात ५०९० ची जाहीर किंमत २,१४,००० रुपये होती आणि ५०८० ची १,०७,०००. एवढे पैसे कुणी वर्षभर बाजूला टाकून जमवतं, कुणी घरच्यांना पटवून मिळवतं. अशा माणसाने हा गलका ऐकायचा तरी कसा? गेमर्सचा राग बहुतेक वेळा खरा असतो, त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण कंपनीच्या दाव्यावरचा राग, कार्डाच्या नावावरचा राग, भावावरचा राग आणि कार्डातल्या दोषावरचा राग यांची सरमिसळ झाली की घेणारा गोंधळतो. हे राग वेगळे करून ऐकता आले, तर तुमच्या खिशाशी त्यातल्या कशाचा संबंध आहे ते लवकर कळतं.

दावा आणि आकडे

५०७० ला ४०९० च्या तोडीचं म्हणताना डीएलएसएस ४ या एनव्हिडियाच्या एआय-तंत्रातली मल्टी फ्रेम जनरेशन जमेस धरली होती. यात कार्ड दोन फ्रेम स्वतः रेखाटतं आणि त्या दोहोंच्या मध्ये एआयच्या आधारे तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने भरतं. त्यामुळे काउंटरवर ३० चे १२० दिसू शकतात. या भरलेल्या फ्रेमना गेमर्स ‘फेक फ्रेम’ म्हणतात ते यामुळेच. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावर गेमने दिलेला प्रतिसाद ३० फ्रेमचाच राहतो. मधल्या फ्रेम घडवण्यासाठी पुढची खरी फ्रेम क्षणभर रोखून धरावी लागते, त्यामुळे तो प्रतिसाद किंचित मंदावतोही.

तरीही हे तंत्र निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. सायबरपंक २०७७ सारखा एकट्याने खेळायचा गेम मुळात ६०-७० फ्रेमने चालत असेल आणि मॉनिटर २४० हर्ट्झचा असेल, तर या तंत्राने खरोखर डोळ्यांना सुख मिळतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. मुळातच २५-३० फ्रेम मिळत असतील तर कुणालाच नाही. म्हणून कुठल्याही आलेखापाशी थांबून पहिला प्रश्न हा विचारा, की यात फ्रेम जनरेशन चालू होती का? चालू असेल तर तो आलेख बाजूला ठेवा आणि साध्या फ्रेमचा आलेख शोधा. त्यातही सरासरीच्या शेजारी ‘१ टक्का लो’ दिलेला असतो, तो वाचा. खेळताना जे झटके जाणवतात ते या आकड्यात पकडले जातात, सरासरीत ते लपून जातात. मार्च २०२५ मध्ये ५०७० प्रत्यक्ष बाजारात आलं तेव्हा साध्या चाचण्यांमध्ये ते ४०७० सुपरच्या आसपास निघालं. दाव्यावर चिडलेल्यांचा राग रास्त ठरला.

५०९० बाबत वेगळी तक्रार होती. ४के रिझोल्यूशनवर ते ४०९० पेक्षा साधारण ३० टक्के वेगवान निघालं, आणि वेगाची वाढ म्हणून ती छानच होती. पण किंमत १,५९९ वरून १,९९९ डॉलरवर गेली, म्हणजे २५ टक्के वाढली. विजेची भूक ४५० वॅटवरून ५७५ वर गेली, म्हणजे जवळपास २८ टक्के. कोरची संख्या १६,३८४ वरून २१,७६० झाली, म्हणजे ३३ टक्के. सगळे आकडे जवळपास एकाच प्रमाणात वाढले. दोन्ही पिढ्यांच्या चिप टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या जवळजवळ एकाच दर्जाच्या प्रक्रियेवर बनतात, त्यामुळे जास्त वेग हवा तर चिप मोठी करायची आणि तिला वीजही जास्त द्यायची, एवढाच मार्ग होता. ३०९० वरून ४०९० वर जाताना कारखानाच बदलला होता, सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवरून टीएसएमसीकडे. म्हणून ती झेप मोठी होती. ज्याच्याकडे ४०९० आहे त्याने ५०९० साठी जीव टाकावा असं इथे काही नव्हतं. ज्याच्याकडे २०७० किंवा ३०७० आहे त्याचं गणित पूर्ण वेगळं. चिडलेला माणूस कुठल्या कार्डावरून बोलतोय हे आधी विचारावं ते याचसाठी. तुमचं आजचं कार्ड आणि त्याचं आजचं कार्ड एक नसेल, तर त्याची निराशा तुम्ही उसनी घेऊ नका.

नावात अडकू नका

ऑक्टोबर २०२२ मध्ये गेमर्सच्या रागाने एनव्हिडियाला एक जाहीर झालेलं कार्ड मागे घ्यायला लावलं. ४०८० या एकाच नावाने १६ जीबी आणि १२ जीबी अशी दोन कार्डं येणार होती आणि त्यांच्यात मेमरीपलीकडे चिपचाही फरक होता. एकात ९,७२८ कोर, दुसऱ्यात ७,६८०. ओरड इतकी झाली की १४ ऑक्टोबरला १२ जीबीचं ४०८० रद्द झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय या नावाने, ८९९ ऐवजी ७९९ डॉलरला आलं. ग्राहकांनी एका सुरात बोलल्याने शंभर डॉलर वाचल्याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

नावाचा प्रश्न त्यानंतरही मिटला नाही. ३०८० मध्ये ३०९० च्या ८३ टक्के कोर होते. ५०८० मध्ये ५०९० च्या निम्मेही नाहीत, १०,७५२ विरुद्ध २१,७६०. ‘ऐंशी’ म्हणजे शिखराच्या एक पायरी खाली, ही जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी. लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर जास्तच सावध राहावं. लॅपटॉपवर ५०९० लिहिलेलं असलं तरी आतली चिप डेस्कटॉपच्या ५०९० ची नसते. तिच्यात १०,४९६ कोर आणि २४ जीबी मेमरी असते, डेस्कटॉपमध्ये ३२ जीबी. शिवाय तेच नाव असलेल्या दोन लॅपटॉपमध्ये कार्डाला मिळणारे वॅट वेगळे असतात आणि वेग त्यानुसार बदलतो. दुकानदाराला नाव विचारू नका, वॅट विचारा.

मेमरीचा वाद याच मालिकेतल्या स्वस्त कार्डांवर पेटला. एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं, पण परीक्षकांच्या हाती कंपनीने १६ जीबीचंच दिलं. मे महिन्यात ५०६० आलं तेव्हा विक्रीआधी बहुतेक परीक्षकांकडे ड्रायव्हरच नव्हता. ज्या कार्डाची स्वतंत्र चाचणी विक्रीच्या दिवसापर्यंत दिसत नाही ते त्या दिवशी घेऊ नये, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ पैसे वाचतील. गेमर्स नेक्सस, हार्डवेअर अनबॉक्स्ड, डिजिटल फाउंड्री यांच्यासारखे लोक दहा-पंधरा गेमवर एकाच पद्धतीने मोजमाप करतात. त्यांचा एक तक्ता शंभर संतप्त प्रतिक्रियांपेक्षा जास्त सांगून जातो. १४४०पी वर खेळायचं असेल तर आज ८ जीबीचं नवीन कार्ड घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. नव्या गेममध्ये टेक्स्चर मावत नाहीत, मग ती एक तर पुसट दिसतात किंवा गेम अडखळतो.

दोषाची तक्रार मात्र कान देऊन ऐका

सगळ्या गदारोळात खरी दखल घ्यावी अशी तक्रार ती, जी एखादी विशिष्ट गोष्ट सांगते आणि दुसऱ्याला स्वतःच्या कार्डावर पडताळून पाहता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही ग्राहकांना आपलं ५०९० जरा मंद वाटलं. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवल्यावर आरओपी या रकान्यात १७६ ऐवजी १६८ दिसले. चिपचा एक भाग बंदच राहिला होता. एनव्हिडियाने मान्य केलं की ५०९० आणि ५०७० टीआयमधल्या अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत हा दोष आहे आणि वेग सरासरी ४ टक्क्यांनी घटतो. नंतर ५०८० मध्येही तो आढळला. कार्डं बदलून मिळाली. ज्यांनी तपासलं त्यांना.

कनेक्टरचं प्रकरण याहून गंभीर आहे. ४०९० आलं त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, १६ पिनांचा नवा कनेक्टर वितळल्याचे फोटो येऊ लागले. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यातलं मोठं कारण निघालं. पुढे कनेक्टर सुधारला, त्याचं नाव १२व्ही-२x६ झालं. पण ५०९० बरोबर भीती परतली. ५७५ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ४८ अँपिअर. सहा तारांत सारखे वाटले गेले तर प्रत्येकीवर ८, आणि पिनची मर्यादा ९ च्या थोडी वर. म्हणजे सुरक्षिततेची मोकळीक फारच कमी. डेर८आउअर या नावाने प्रसिद्ध असलेल्या जर्मन ओव्हरक्लॉकरने आपल्या कार्डावर मोजलं तेव्हा एकाच तारेतून २० अँपिअरहून अधिक प्रवाह जात होता. कार्डाला ते कळत नाही, कारण सहाही तारा आत शिरताच एकत्र जोडल्या जातात. ३०९० टीआयमध्ये तारांचे गट पाडून प्रत्येक गटाचा प्रवाह वेगळा सांभाळला जाई. पुढच्या पिढ्यांत ती सोय निघून गेली. हा राग मला शंभर टक्के पटतो. दोन लाखांच्या वस्तूत ही काटकसर व्हायला नको होती.

म्हणून ५०९० घ्यायचंच ठरलं असेल तर काही पथ्यं पाळा. एसएमपीएस एटीएक्स ३.१ मानकाचा, चांगल्या नावाचा आणि १,००० वॅटचा असावा. केबल त्याच एसएमपीएसबरोबर आलेली वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल वरून सारखी दिसली तरी आतल्या पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि तेवढ्यानेही कार्ड जळू शकतं. प्लग बसवताना तो सगळ्या बाजूंनी कार्डाला टेकला आहे हे टॉर्च मारून बघा. प्लगपासून निदान साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ ठेवा, कॅबिनेटची काच तिला दाबत असेल तर कॅबिनेट बदला. तो प्लग पुन्हा पुन्हा काढू-घालूही नका. काही महागड्या मॉडेलांत प्रत्येक पिनचा प्रवाह दाखवण्याची सोय असते. ५०९० वर खर्च करणाऱ्याने ती असलेलं मॉडेल घ्यावं, असं माझं मत आहे. ५०७० टीआय हे ३०० वॅटचं कार्ड आहे. कनेक्टर तोच असला तरी तिथे ही चिंता खूपच कमी होते.

काळ्या स्क्रीनची तक्रार ड्रायव्हरची होती आणि पुढच्या ड्रायव्हरांनी ती बरीच निस्तरली. नवी मालिका आली की पहिले दोन महिने असं होतच असतं, थांबणाऱ्याला तो त्रास आपोआप टळतो. जुन्या गेमच्या चाहत्यांची तक्रार मात्र मला फार जवळची वाटली. ५० मालिकेतून ३२ बिट फिजएक्सचा आधार काढून टाकला गेला. मिरर्स एज, बॉर्डरलँड्स २, बॅटमनच्या अर्खम मालिकेतले गेम अशा जुन्या खेळांत धूर, कापड, फुटणारी काच यांची करामत त्यावर चालायची. ती चालू ठेवली की सगळं ओझं प्रोसेसरवर पडून हजारो डॉलरचं कार्ड जुन्या कार्डापुढे नांगी टाकू लागलं. पुढे निवडक गेमसाठी तो आधार ड्रायव्हरमधून परत आणावा लागला. तुमचा आवडता गेम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असेल तर नव्या कार्डावर तो कसा चालतो हे वेगळं शोधा. नव्या गेमच्या आलेखांत ते सापडणार नाही.

भाव, माल आणि भारतातली दुकानं

‘भारतात तर लूटच आहे’ हे प्रत्येक लाँचला ऐकू येतं. एकदा आकडे मांडून बघू. तेव्हाच्या साधारण ८६ रुपये दराने १,९९९ डॉलरचे १,७२,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २,०३,००० च्या आसपास. अमेरिकेतली जाहीर किंमत तिथला विक्रीकर सोडून सांगतात, हे बरेच जण विसरतात. म्हणजे २,१४,००० ही जाहीर किंमत फार फुगवलेली नव्हती. खरी गोची ही की त्या किमतीला कार्ड हाती लागत नव्हतं. हीच पद्धत वापरून कुठल्याही नव्या कार्डाचा रास्त भाव तुम्ही स्वतः काढू शकता. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन बघा, तुमच्या आकड्याच्या १० टक्क्यांहून वर भाव चढला असेल तर मागे फिरा.

माल कमी का, यावर कट-कारस्थानाच्या कहाण्या पुष्कळ रंगतात. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचं उत्पन्न १३० अब्ज डॉलरहून अधिक होतं, त्यात डेटा सेंटरचे ११५ अब्ज आणि गेमिंगचे साधारण ११. चिप बनवण्याची क्षमता मर्यादित असताना ती कुणीकडे वळेल हे या आकड्यांवरून दिसतं. एआयच्या चिपबरोबर स्पर्धा करत आपल्याला कार्डं मिळवायची आहेत, आणि ही परिस्थिती एखाद्या महिन्यात बदलणारी नाही. पण म्हणून घाई करणाऱ्याचं नुकसानच होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरचं ३०७० हे २०८० टीआयच्या तोडीचं असेल असं जाहीर होताच कित्येकांनी घाबरून आपली २०८० टीआय निम्म्या किमतीला विकून टाकली. मग ३० मालिका मिळेचना, क्रिप्टोची लाट आली, आणि वापरलेल्या कार्डांचे भाव पुन्हा आभाळाला भिडले. ज्यांनी विकली ते कार्डाविना बसले. नवं कार्ड स्वतःच्या कॅबिनेटमध्ये चालू लागेपर्यंत जुनं विकू नका.

जाहीर किमतीपेक्षा स्वस्त, पण ‘बिल नको असेल तर’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. परदेशातून आणलेल्या कार्डाची वॉरंटी भारतात चालेल की नाही हे ब्रँडवर अवलंबून असतं. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांकडून मागवण्याआधी त्या ब्रँडच्या भारतातल्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. तीन वर्षांची वॉरंटी जाणार असेल तर वाचलेले पंधरा-वीस हजार कामाचे नाहीत.

आधी मॉनिटर, मग खोली

गेम विकणाऱ्या स्टीम या मंचाच्या मासिक पाहणीत निम्म्याहून अधिक गेमर अजून १०८०पी वर खेळताना दिसतात. १०८०पी मॉनिटरला ५०९० जोडलं तर बहुतेक गेममध्ये प्रोसेसरच मागे पडतो आणि कार्ड वाट बघत बसतं. दीड लाख रुपये हाताशी असतील तर १६ जीबीचं मधल्या फळीतलं कार्ड आणि १४४०पीचा चांगला ओलेड मॉनिटर घ्या. खेळताना जो फरक जाणवेल तो जुन्या मॉनिटरवर ठेवलेल्या शिखरावरच्या कार्डाने कधीच जाणवणार नाही. मार्च २०२५ मध्ये एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला, १६ जीबी मेमरीसह आलं. वर्षानुवर्षं एनव्हिडियाच वापरणाऱ्यांनीही त्याचं मोकळ्या मनाने कौतुक केलं. ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटी यांत जे जाहीर किमतीच्या जवळ मिळेल ते घ्या, असं मी बहुतेकांना सांगतो. ब्लेंडर, स्थानिक एआय मॉडेल किंवा ४के व्हिडिओ यांवर ज्यांची रोजी आहे त्यांच्यासाठी ३२ जीबी मेमरीला खरी किंमत आहे. त्यांनी ५०९० जरूर घ्यावं, त्यांचे पैसे वसूल होतात.

परदेशी परीक्षणांत एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे आपली वीज आणि आपला उन्हाळा. ५०९० आणि प्रोसेसर मिळून भर खेळात ७५० वॅटच्या आसपास खेचतात. चार तासांत तीन युनिट. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन खोलीतच उतरते. मे महिन्यात नागपूर-अकोल्यात पंख्याखाली बसून खेळणाऱ्याने याचा हिशेब आधी करावा, नाहीतर एसीचं बिलही कार्डाच्या किमतीत धरावं. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. वीज गेली की तो तत्क्षणी हार मानेल आणि मशीन धाडकन बंद पडेल. निदान १५०० व्हीएचा शुद्ध साइन वेव्ह यूपीएस लागेल, आणि सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं लागेल. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणली तर वेग थोडाच कमी होतो आणि उष्णता, आवाज, केबलवरचा ताण हे तिन्ही उतरतात. उन्हाळ्यात मी सगळ्यांना हेच करायला सांगतो.

कार्ड घरी आलं की खोक्याचं सील फोडण्यापासून व्हिडिओ काढा, त्यात सीरियल नंबर स्पष्ट दिसू द्या आणि तोच नंबर बिलावर आहे का ते बघा. जीपीयू-झेडमध्ये आरओपी मोजा: ५०९० ला १७६, ५०८० ला ११२, ५०७० टीआयला ९६. तुम्ही खेळता त्यातला सर्वात जड गेम सलग दोन तास चालवा, तापमान आणि पंख्यांचा आवाज टिपून ठेवा, कॉइलची किणकिण सहन होते का तेही ऐका. कार्ड लांब आणि जड असेल तर त्याला खालून आधार द्या. परत करण्याची मुदत ऑनलाइन दुकानांत बऱ्याचदा सात-दहा दिवसांचीच असते. हे सगळं तेवढ्यात उरका, कारण मुदतीत सरळ बदलून मिळणारं कार्ड मुदत संपल्यावर सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जाऊन पडतं.